होळीतली तिजोरी आणि सादळलेले पापड

बाबा, तुमची तिजोरी आम्ही मागच्या आठवड्यात जाळली. घाबरू नका, रीतसर जाळली. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि इंजिनिअर झाल्यावर मी नर्मदेवर पूल बांधणार अशी तुमची पक्की समजूत होती. पूल मला कोणी दिला नाही. पीथमपूरच्या रस्त्यावर एक तपासणी केंद्र आहे, तिथे मी गेली कित्येक वर्षं लोकांनी कष्टाने बनवलेल्या वस्तू जाळते आणि त्या कशा जळल्या ते लिहून देते. दारं जाळते, कपाटं जाळते, विजेच्या तारा जाळते आणि तिजोऱ्याही जाळते. आई नातेवाइकांत नुसतं "टेस्टिंगमध्ये आहे" एवढंच सांगते, कारण पूर्वी एकदा तिने खरं सांगितलं तेव्हा तुमच्या मावसबहिणीने माझ्यासाठी स्थळं बघायची एकदम घाई केली होती. तुम्ही असतात तर रोज माझ्याबरोबर डबा घेऊन आला असतात आणि कोणी हाकलेपर्यंत भट्टीपुढून हलला नसतात, याबद्दल मला शंका नाही.

आधी आमची पद्धत सांगते, कारण तुम्ही ती विचारणारच. आमची भट्टी म्हणजे एक लहान खोलीच आहे, आतून पांढऱ्या विटांची, गॅसवर चालणारी. तिजोरी आत ठेवायची, तिच्या पोटात कागद ठेवायचे आणि तापमान मोजणाऱ्या तारा सोडायच्या. मग आग वाढवत न्यायची, पण मनाला येईल तशी नाही. कोणत्या वेळी किती तापायला पाहिजे हे ठरलेलं असतं, आणि तासाच्या शेवटी आकडा नऊशे अंशांच्या वर जातो. बाहेर लोखंड लाल होतं आणि आम्ही आतला आकडा बघत चहा पितो. कागद पावणेदोनशेच्या आसपास करपायला लागतो, तेव्हा आतला आकडा त्याच्या खाली राहायला पाहिजे. तासभर राहिला तर ती तासाची तिजोरी, दोन तास राहिला तर दोन तासांची. पेनड्राइव्हसारख्या वस्तू ठेवायच्या तिजोऱ्यांचे लाड वेगळे असतात. त्यांना पन्नासच्या जरा वर गेलं की सोसत नाही, म्हणजे मे महिन्यात कारखान्याच्या पत्र्याखाली बसून तुम्ही निवांत जेवायचात त्याहून थोडंच जास्त. काही तिजोऱ्या तर आम्ही तापलेल्या असतानाच क्रेनने उचलून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून विटांच्या ढिगावर टाकतो, कारण खऱ्या आगीत मजलाही कोसळतो, आणि नंतर पुन्हा भट्टीत घालतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुम्ही कारखान्याच्या गॅलरीतून ढकललेली तिजोरी आठवली. तिला काही झालं नव्हतं. शेजारच्या लाकडाच्या वखारवाल्या काकांचा ओटा फुटला होता आणि तो तुम्ही पुढचे दोन-तीन रविवार खपून बांधून दिला होता.

मल्हारगंजातल्या आपल्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं की पहिलं काम काय करायचं, तर तिजोरीवर बोटांनी टकटक वाजवून बघायचं. आवाज जाड आला म्हणजे माल चांगला. तुम्ही हातातलं काम टाकून समजवायला बसायचात की जाड लोखंड चोराला अडवतं, आगीला अडवत नाही. नुसतं जाड लोखंड तापलं की त्याचा तवा होतो आणि आतले कागद त्यावर भाजले जातात. चोरासाठीची तिजोरी वेगळी, आगीसाठीची वेगळी. गिऱ्हाईक सगळं मन लावून ऐकायचं, मान डोलवायचं आणि शेवटी म्हणायचं, "वो सब तो ठीक है भिया, पर आवाज हल्का आ रिया है." मग रात्री जेवताना तुम्ही हे संभाषण आईला दोन्ही बाजूंनी करून दाखवायचात आणि आई म्हणायची, "तुम्ही टकटक करणाऱ्यांना टकटक विका ना. कोण शिकवायला सांगितलंय?"

पण तुमची खरी तिजोरी जन्मली ती आईच्या स्वयंपाकघरात. मला तोंड आलं होतं आणि आई त्यावर लावायला तव्यावर तुरटी फुलवत होती. मी ओट्याला टेकून उभी आहे, तुम्ही पाणी प्यायला आत आला आहात. तवा तापतो. कोरडा ठणठणीत खडा आधी ओला होतो, मग उकळायला लागतो, बुडबुडे येतात, वाफ निघते आणि शेवटी त्याची पांढरी हलकी लाही होते. तुमच्या हातातलं भांडं तसंच अर्ध्यावर राहिलं. "हे पाणी आलं कुठून?" तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, "तुरटीतून. दुसरं कुठून येणार?" "पण खडा तर कोरडा होता." "अहो, सरका ना, पोळ्या व्हायच्या आहेत." तुम्ही सरकला नाहीत. घरातली सगळी तुरटी एकेक खडा करून तव्यावर घातलीत आणि त्या दिवशी आपण पोळ्यांऐवजी भात जेवलो. आग आली की खड्यात बांधलेलं पाणी सुटतं आणि ते पाणी संपेपर्यंत आत उकळत्या पाण्यापेक्षा फारसं गरम होत नाही, हे तुम्ही मला भाताचा घास हातात धरून समजावलंत. मला समजलं नाही. माझं तोंड आलेलं होतं आणि वरणात मिरची होती.

त्यानंतर आईची कणीक मळायची परात कारखान्यात गेली. तीत तुम्ही प्लास्टर, तुरटीची पूड आणि वखारीतला भुसा कालवून बघत होतात. आई परात शोधत कारखान्यात आली, तिने तो पांढरा लगदा बघितला आणि कामगारांसमोर अगदी हळू आवाजात म्हणाली, "उद्या त्याच परातीत तुम्हाला मळीन." तुम्ही नवी परात आणून दिलीत आणि जुन्या परातीतून एकसारख्या दोन तिजोऱ्या भरल्यात, एका साच्याच्या, जोडीच्या. आजही आमच्याकडे मोठमोठ्या कारखान्यांतून ज्या तिजोऱ्या येतात त्यांच्या भिंतींत याच जातीचा, पाणी धरून ठेवणारा माल असतो. ते लोक अर्थात परात वापरत नाहीत.

आता माल तयार होता आणि विकत घेणारं कोणी नव्हतं. सियागंजात जिऱ्या-धण्याचे एक मोठे व्यापारी होते, आपण त्यांना सेठजी म्हणायचो. त्यांनी तुमचं तुरटीपुराण पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिया, बात तो अच्छी है. जला के बताओ. नी जली तो मैं बी लूँगा और अपनी पूरी लाइन को दिलवाऊँगा." पूर्ण लाइन म्हणजे बाजारातली ती सगळी रांग. तुम्ही घरी आलात तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. पण जाळायची कुठे? तुमच्याकडे भट्टी नव्हती. तेव्हा तुमच्या डोक्यात आलं की दरवर्षी फाल्गुनात गल्लीच्या तोंडाशी एक भट्टी फुकट पेटते. वखारवाले काका म्हणाले, "होली में तिजोरी कौन डालता है, भिया?" भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, शास्त्रात तसा निषेध कुठे दिसत नाही, फक्त आत चामड्याचं काही नको. आणि तुम्ही गल्लीत प्रत्येकाला थांबवून ऐकवत होतात की होळीची गोष्ट मुळात टेस्टिंगचीच आहे. होलिकेकडे वरदानाचं सर्टिफिकेट होतं, ती जळाली. प्रल्हादाकडे कागदाचा कपटा नव्हता, तो पास झाला.

सेठजींनी आणखी एक अट घातली होती, ती तुम्ही घरात कोणाला सांगितली नाहीत. "रद्दी तो कोई बी रख देगा. ऐसी चीज रखो कि जले तो तुमको लगे." ही अट आम्हाला समजली ती होळीच्या संध्याकाळी, सगळ्या गल्लीसमोर. लाकडांच्या मध्ये तिजोरी बसवलेली आहे, आग चांगली भडकून आता खाली बसत आली आहे, सेठजी खुर्चीवर बसले आहेत, आई नैवेद्याचं ताट रिकामं करून पदराने घाम पुसत उभी आहे. सेठजी विचारतात, "रक्खा क्या है अंदर?" आणि तुम्ही छाती काढून, लांबच्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगता, "शादी का एल्बम." आई ताट खाली करते. "कोणाच्या लग्नाचा?" ती विचारते. तुम्ही म्हणता, "आपल्याच."

पुढचं मला शब्दन् शब्द आठवतं. आई म्हणाली, "उघडा." तुम्ही म्हणालात, "अगं, गार होऊ दे. सकाळी उघडू." "माझा अल्बम आत आहे आणि तुम्हाला सकाळ पाहिजे? आत्ताच्या आत्ता उघडा." तुम्ही सेठजींकडे पाहिलंत, वखारवाल्या काकांकडे पाहिलंत. दोघंही संसारी माणसं होती. "खोल दो भिया," काका म्हणाले, "भाभीजी बोल रई हैं." मग पहारी लावून तिजोरी निखाऱ्यांतून ओढली, तुम्ही हाताला ओलं पोतं गुंडाळलंत आणि किल्ली फिरवलीत. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. मी सगळ्यांच्या पुढे होते, माझी उंची बरोबर दाराएवढी. आत अल्बम होता. लाल मखमलीचा, अख्खा, फक्त कोपरे जरा तपकिरी झालेले. मी तो नीट पाहिला. तेवढ्यात वाऱ्याने निखाऱ्यांवरून ठिणग्या उडाल्या, दाराची कड अजून लाल होती, पानांमधले पातळ कागद बाहेरच्या हवेने फडफडले आणि अल्बमने भपकन पेट घेतला. कोणीतरी बादली ओतली. बादलीत रंग होता. जे उरलं त्यात तुम्ही दोघं कुठेच नव्हतात, तुमच्या काकांचा श्रीखंड खातानाचा फोटो तेवढा होता, तोही अर्धा आणि हिरवा.

आईने तोंडावर हात धरला होता. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग सेठजींकडे वळलात आणि म्हणालात, "माल कच्चा निकला, सेठजी. मेरी गलती." तुमचे कान लालभडक झाले होते, पण इतक्या जाळापुढे कोणाचेही होतील. सेठजी भले माणूस होते, खांद्यावर हात ठेवून गेले. ती लाइन गेली. तुम्ही त्यानंतर धान्याच्या कोठ्या केल्यात, गोदरेज नसलेली गोदरेजची कपाटं केलीत, शाळांची बाकं केलीत, तिजोरी मात्र पुन्हा केली नाहीत. आणि दर होळीला पुरणपोळी वाढताना आई पाहुण्यांना सांगायची, "आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे, त्यात ह्यांचे काका श्रीखंड खाताहेत. कच्चा माल भरला होता ह्यांनी." तुम्ही मान खाली घालून हो म्हणायचात.

नाही म्हणायला एकदा, त्यानंतर एक-दोन वर्षांनी, तुम्ही होळीत हळूच त्याच मालाने भरलेली एक छोटी पेटी सरकवली होती. ती तुम्ही दुसऱ्या दिवशीही उघडली नाहीत, तिसऱ्याही नाही. रंगपंचमीला सगळं शहर रंग उडवत जाणारी गेर बघायला राजवाड्याकडे लोटलं तेव्हा तुम्ही मला घेऊन रिकाम्या कारखान्यात आलात आणि पेटी उघडलीत. आत वर्तमानपत्र होतं. तुम्ही ते उलगडलंत, उजेडात धरलंत, त्यातली एक बातमी वाचलीत सुद्धा. मग त्यातच आपण दोघांनी गरम जिलबी ठेवून खाल्ली. मी विचारलं, "पास झाली का?" तुम्ही म्हणालात, "जिलबी खा." मला तेव्हा वाटलं, जिलबी संपेल म्हणून सांगताय.

जोडीतली दुसरी तिजोरी घरी आली, कारण कारखान्यात ती तुमच्या डोळ्यांसमोर नको होती. आईने तिच्यात पापड ठेवायला सुरुवात केली. इतकं जाड दार, हवा जाणार नाही, मुंगी जाणार नाही. आणि पापड सादळायला लागले. उन्हात कडकडीत वाळवून ठेवलेले पापड आठ दिवसांत चामट व्हायचे. आई ते हातात धरून वाकवून दाखवायची, "बघा तुमची तिजोरी. आग दूरच राहिली, हिला पापड सांभाळता येत नाहीत." कुरडया ठेवून झाल्या, साबुदाण्याच्या चकल्या झाल्या, सगळ्यांची तीच गत. शेवटी तिच्यावर गव्हाचा डबा बसला आणि ती तशीच राहिली, तुम्ही गेल्यानंतरही.

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मला तुमची होळी पुन्हा दिसली. आमचे भट्टीचे साहेब पुण्याचे आहेत, माझं मराठी ऐकून पहिले काही दिवस ते मला हिंदीतच उत्तर द्यायचे. त्यांनी मला आकड्यांचा आलेख दाखवला. भट्टी बंद होते, बाहेरचा आकडा खाली येतो आणि आतला आकडा मात्र चढतच राहतो, बराच वेळ. भिंतींत मुरलेली उष्णता आत सरकत असते. "आग विझल्यावरच खरी परीक्षा सुरू होते," साहेब म्हणाले, "या वेळी दार उघडलं की संपलं. तापलेल्या कागदाला फक्त हवा आणि ठिणगी हवी असते." मी मान हलवली. त्या होळीला आपण दोन्ही हौसेने पुरवल्या होत्या. तेव्हापासून मला संशय होता की तुमच्या मालात काही खोट नव्हती. पण संशय म्हणजे रिपोर्ट नव्हे, आणि ज्या संशयाचा शेवट "आई, तुझा अल्बम तूच घालवलास" असा होतो तो मी कशाला उकरून काढू?

तो उकरला आईनेच. ती आता माझ्याकडे राहायला आली आहे, खजरान्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. जुनं घर आवरताना भंगारवाला तिजोरी न्यायला आला तर ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आधी हिला तुझ्या भट्टीत घाल." मी म्हटलं, "आई, आता कशाला परेशान होतेस?" "मला जाणून घ्यायचंय," ती म्हणाली, "त्यांचा माल चांगला होता का कच्चा होता. आता किती दिवस राहिले माझे? वर भेटले तर काय बोलू?" नापास झाली तर तुमचं नाव जाणार होतं, पास झाली तर आईचा उरलेला सगळा काळ त्या एका "उघडा"पाशी अडकणार होता.

भट्टी नुकतीच दुरुस्त झाली होती, तिला एक चाचणीचा जाळ द्यायचाच होता. साहेब म्हणाले, "आणा की वडिलांची तिजोरी." आईने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या आणि मला बजावलं, ह्या आत ठेवायच्या नाहीत, खायच्या आहेत. तिजोरीचा तळ गंजाने पोखरला होता, तरी मी जीव मुठीत धरून आग लावली. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पांढरी वाफ निघायला लागली. साहेब काचेच्या भोकाशी वाकले. "भरलंय काय आत?" "तुरटी." "तुरटी?" "प्लास्टर, तुरटी आणि भुसा. कणकेच्या परातीत कालवलेलं." साहेबांनी पुरणपोळीचा हात पुसला आणि पुढचा वेळ ते आकड्यावरून नजर काढत नव्हते. आतला आकडा शंभराच्या जवळ येऊन बसला आणि उठायचं नावच घेईना. बाहेर नऊशे, आत तुमच्या भाताच्या पातेल्याएवढं. भट्टी बंद केल्यावर तो चढला, चढतच गेला, आणि दीडशेच्या अलीकडे दमून थांबला. सकाळी, सगळं गार झाल्यावर, दार उघडलं. मी आत वर्तमानपत्र ठेवलं होतं. पिवळट झालं होतं, दमट होतं, आणि सगळं वाचता येत होतं. साहेबांनी तिजोरीच्या दारावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "तासाची आहे हो, सहज." मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि गाडी चालवत घरी येताना आईला काय सांगायचं ते पक्कं केलं.

आई गॅसवर पापड भाजत होती. "पास का फेल? सीधं सांग."

"फेल," मी म्हटलं. "कच्चीच होती. बाबा बरोबरच सांगत होते."

तिने पापड उलटला. मग माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत नाही, जरा बाजूला. "आरशात कान बघून ये," ती म्हणाली. "बापाचे कान घेऊन आलीस आणि खोटं बोलतेस? त्या दिवशी पण असेच लाल झाले होते. लोकांना वाटलं, जाळामुळे झाले. मला नाही वाटलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला काय डोळे नव्हते? मी पण बघितला ना अल्बम, पूरा होता. मी उघडा म्हटलं आणि गेला."

"मग इतकी वर्षं कच्चा माल, कच्चा माल काय चालवलं होतंस?"

"मग काय करू? सगळ्या बाजारासमोर माझ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. आणि किती खुश होते त्यात. जन्मात एक गोष्ट माझ्यापासून लपवली आणि ती लपली, असं त्यांना वाटत होतं. ते मी मोडू? मी बोलायची, ते मान हलवायचे, आणि वर एक पोळी जास्तीची खायचे." तिने गॅस बंद केला. "पण थांबलो असतो तर वाचला असता का, ते मला माहीत नव्हतं गं. ते कोणाला विचारणार? तुझ्याशिवाय कोण होतं? त्यांची पूर्ण लाइन गेली माझ्या घाईने. कोणीतरी एकदा तोंडाने बोलायला पाहिजे ना, की त्यांचा माल चांगला होता."

मी म्हटलं, "पास झाली, आई. तासाची."

"परत बोल."

"पास झाली."

ती स्टुलावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली, आणि रडता रडताच तिने विचारलं, "मग पापड का सादळायचे?" मी सांगितलं की पापड त्यामुळेच सादळायचे. भिंतीत पाणी होतं म्हणून. ज्या दिवशी पहिला पापड चामट झाला त्या दिवशीच तिजोरी पास होती, आपण ते रोज हातात धरून वाकवून बघत होतो. आईने पदर खाली घेतला. "म्हणजे पापडाचं पण त्यांचंच बरोबर निघालं," ती म्हणाली, जरा चिडूनच, आणि मग इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं. मला तुमची फार आठवण आली, बाबा. तुम्ही त्या क्षणी तिथे असायला पाहिजे होतात, दुसरं काही नाही.

हे पत्र तिच्याच सांगण्यावरून लिहिते आहे. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मन राखायला बोलते," ती म्हणाली, "तू लिही, तुझ्याकडे आकडे आहेत. मी जाताना घेऊन जाईन." पोस्टाची ही सोय ऐकली आणि मी ठरवलं की हे पत्र पाठवायचं नाही. ती विचारेल तेव्हा मी म्हणेन, अजून अर्धंच झालंय. कान झाकून म्हणेन. ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे, कारण तिजोरीत आता राम नाही. तिच्या भिंतीतलं पाणी गेलं, ती तव्यावरच्या तुरटीसारखी लाही झाली, दुसऱ्या आगीला तिचा उपयोग नाही. आईने मात्र परवा पापडाचे डबे तिच्यात हलवायला सांगितले आहेत, कारण आता ते सादळणार नाहीत. सध्या पत्र फ्रिजवर आहे, तिच्या गोळ्यांच्या डब्याखाली.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. सकाळी गार झाल्यावर दार उघडलं, असं मी वर लिहिलं ते खरं आहे, पण ती शिस्त माझी नव्हती. भट्टी बंद झाल्यावर मी हातमोजे चढवून दारापर्यंत गेले होते. "थंड झाल्याशिवाय उघडू नये" ही पाटी तिथे माझ्याच अक्षरात लावलेली आहे, तिच्या खालूनच गेले. साहेबांनी माझे हातमोजे काढून घेतले आणि मला घरी पाठवलं. ते नसते ना, बाबा, तर मी पण उघडली असती.